हाजींचा जनाजा उडाला होता

पाव घेऊन सुहैर गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा समोरून जनाजा येत होता, म्हणून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. बाईचा जनाजा होता, वरून फुलाफुलांचं कापड घातलेलं. कोणाचा ते तिला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गल्लीतली कोणी असावी. पुरुष भराभर खांदे बदलत होते, जरा जास्तच भराभर. खांदा देऊन बाहेर पडलेला एक तरुण माणूस मान चोळत तिच्या पुढ्यातच थांबला आणि सोबत्याला म्हणाला, "काय खायची कोण जाणे. अख्ख्या गल्लीचं एकटी जेवायची की काय?" सोबती म्हणाला, "गप रे. अल्लाचं नाव घे." दोघांनी अल्लाचं नाव घेतलं. ते घेऊन झाल्यावर सोबतीच हळूच म्हणाला, "म्हैस होती बिचारी." मग दोघं पुन्हा गर्दीत मिसळले आणि जनाजा मशिदीकडं वळला. सुहैर तिथंच. पाव गरम होते, कागदातून छातीला चटका बसत होता. आपण आता चालायला हवं असं तिला कळत होतं, पण आपण हललो की कोणीतरी आपल्याकडं बघेल असंही वाटत होतं. म्हैस हा शब्द काही तिला नवा नव्हता. लागलं ते 'बिचारी'. शिवी दिल्यावर तिला थंडी वाजू नये म्हणून वरून शाल घालावी, तसं.

अंगाला शब्द चिकटतात ते वयावर चिकटतात, हे तिला फार उशिरा समजलं होतं. विसाव्या वर्षी आत्या तिला दुधावरची साय म्हणायची आणि दंडाला चिमटा काढून बोटं चाटल्यासारखं करायची. लग्न झालं तेव्हा नवरा 'माझं बदक' म्हणायचा. पुढं तो कुवेतला गेला आणि तिकडचाच झाला. मग साय नाही, बदक नाही, एकदम गोठाच. बाईचं अंग आधी खायचं असतं, नंतर पाळायचं, असं तिच्या मनात कधीतरी येऊन गेलं होतं आणि तिचं तिलाच हसू आलं होतं. पुरुषाचं तसं नव्हतं. तिचा थोरला भाऊ इमाद तिच्याहून वजनदार, पण तो कॉफीच्या दुकानात शिरला की पोऱ्या ओरडायचा, "बाशा आले, जागा करा." इमादच्या बाबतीत लोक जे शब्द वापरत ते सगळे बांधकामातले होते: भिंत, बुरूज, दरवाजा. कपडे भरून उरणारा माणूस. त्याच्या पोटाकडं बघून शेजारणी म्हणायच्या, अल्ला करो नजर न लागो, बायको चांगलं खाऊ घालते. बायकोचं पोट दिसलं की त्याच बायका म्हणायच्या, स्वतःच खाते वाटतं. मनशियाच्या बाजारात सुहैर ज्या कपड्यांच्या दुकानात कामाला होती तिथं बायकांची मोठी मापं मागच्या बाजूला पडद्याआड होती, आणि पडद्यावर पाटी होती 'खास मापं', जशी काही ती औषधं. वरच्या मजल्यावर पुरुषांची मोठी मापं मात्र जिन्याच्या अगदी समोर, आरशाशेजारी, पाटी 'रुबाबदार पुरुषांसाठी'. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिनं खालचा एक झगा वर नेऊन तिथल्या सदऱ्यावर पसरून पाहिला होता. रुंदी तंतोतंत एक. मालकानं विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, धूळ झटकतेय.

चार जिने चढून ती वर आली तेव्हा सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. मासळीचा भात, वर तळलेला कांदा, कांद्यावर आता तेल थिजलेलं. एका कडेला चमच्याने उकरल्याची खूण तेवढी, लेकीचं मन राखायला. गेले काही आठवडे हे चाललं होतं. आधी आई म्हणाली दात. दात दाखवून आणले; म्हणजे दातांचा डॉक्टरच वर आणला, कारण गुडघे गेल्यापासून आई खाली उतरलीच नव्हती, दोन वर्षं होऊन गेली असतील. मग म्हणाली साखर. मग म्हणाली रमजानात कसं अंग हलकं वाटतं, तसं वाटू दे की जरा. परवा न्हाणीघराच्या दारात तिला चक्कर आली आणि ती चौकटीला धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं आहे, पोटात अन्न गेलं नाही तर भरती करावं लागेल, आणि या वयात भरती केलेली माणसं, काय सांगू बाई. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सुहैरला ते तसंच अर्धं रोज ऐकू यायचं, पाव घेताना, दुकानाचं कुलूप काढताना. आईच्या गालांची कातडी आता लोंबायला लागली होती. आई, सगळ्यांची मावशी, नफूसाखाला, म्हणजे अनफूशीच्या गल्ल्यांत एक ऐसपैस गोष्ट होती. तिच्या मांडीवर एका वेळी तीन पोरं मावायची, त्यातलं एक सुहैर. त्या मांडीचा ऊबदार, पिठासारखा वास तिला अजून हवा तेव्हा आणता यायचा. ती मांडी कोणी असं चोरून थोडी थोडी घेऊन चाललं होतं.

आई सज्जातल्या खुर्चीत होती. तिनं विचारलं, "कोण गेलं?"

"ठाऊक नाही."

"जड होती," आई म्हणाली. "वरून कळतं. पुढचे दोघं वाकले होते, आणि मागचे एकमेकांकडं बघत होते." मग सज्जाच्या कठड्यावर तिनं हात फिरवला. "तुझ्या बाबांचा उडाला होता."

हे सुहैरनं किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. बाबांचं बंदराजवळ दोरखंडाचं दुकान होतं; हाजी गाबिर दुकानात उभे राहिले की आत दिवा लावावा लागायचा, असं लोक म्हणायचे आणि बाबा स्वतःच सर्वांत मोठ्यानं हसायचे. ते गेले त्या दिवशी सगळ्यांना काळजी होती, एवढा देह, चार जिने, पुढं मशिदीपर्यंतचा उतार. आणि झालं काय, तर जनाजा गल्लीत आला मात्र, जो सुटला तो सुटलाच. धरणाऱ्यांच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. खिडकीतून कोणी म्हातारी ओरडली, उडाला, हाजींचा जनाजा उडाला, आणि सगळी गल्ली अल्लाचा जयजयकार करायला लागली. भल्या माणसाचा जनाजा पिसासारखा हलका होतो, त्याला आपल्या धन्याला भेटायची घाई असते, आणि पाप्याचा शिशासारखा जड होऊन खांद्यावर बसतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. बायका मशिदीपर्यंत जात नाहीत. सुहैर आणि आई याच सज्जात उभ्या होत्या आणि त्यांना वरून डोक्यांच्या नदीवर वाहत जाणारं हिरवं कापड तेवढं दिसलं. आई रडत होती आणि रडता रडता ताठ झाली होती. त्या दिवसानंतर तिला लोक 'ज्यांचा जनाजा उडाला त्यांची बायको' म्हणून ओळखत. बाबांच्या वजनाला त्या दिवशी जणू पंखच फुटले. आणि आज त्या दुसऱ्या बाईच्या वजनाला... तिनं ताटाकडं पाहिलं, मग आईकडं. आईनं नजर खाली गल्लीत ठेवली होती.

"म्हणून तू जेवत नाहीस?"

"कशामुळं?"

"मला विचारू नकोस कशामुळं. चार जिने आहेत म्हणून. तू माणसं मोजतेस इथं बसून. कोण वाकतं, कोण बघतं."

आईनं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग शेजारणीची कुचाळकी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "खालच्या मजल्यावरची सलवाबाई गेली तेव्हा माझे गुडघे धड होते, मी तिच्या सुनेपाशी होते. जिन्यातून नेताना ऐकलं मी. तोंडात अल्लाचं नाव आणि मधेच, अरे धर, हत्तीण आहे. सून ऐकत होती. माझा हात धरून ऐकत होती. तिनं पुढं महिनाभर सासूचं नाव काढलं नाही, दुःखानं नाही, लाजेनं. तू ऐकशील. इमाद तर खांदा देतच असेल. पुरुषाचं वजन वेगळं, पोरी. ते असतं तोवर वट असते आणि गेलं की चमत्कार होतो. बाईचं वजन म्हणजे खाल्लेलं. तीस-चाळीस किलो उतरलं, तर निदान कोणी काही बोलणार नाही. गप नेतील."

"आणि तोवर मरशील."

"त्यासाठीच तर," आई म्हणाली, आणि दोघींनाही त्यात थोडी गंमत वाटली, पण कोणी हसलं नाही.

सुहैर आत गेली, पाव कापडात गुंडाळले, भांडं घासलं, घासलेलं पुन्हा घासलं. रागवायचं होतं, पण राग कोणावर ठेवायचा ते सापडेना. आईवर ठेवला तर तो तिथून घसरून त्या मान चोळणाऱ्या माणसावर जायचा, आणि त्याच्यावर ठेवला तर तो म्हणायचा, बाई, मी खांदा तर दिला ना, पुण्याचं काम केलं. खरंच होतं ते. खांदाही दिला आणि शब्दही दिला. आणि आपण? तिनं आरशाकडं न बघता ओंजळीतल्या पाण्याने तोंड धुतलं. आपल्यासाठी तर चार माणसं सुद्धा इमादलाच गोळा करावी लागतील. या विचाराचं तिला भय वाटायला हवं होतं, पण वाटली ती उत्सुकता, नको तिथं खाज सुटावी तशी: ते काय म्हणतील? मेल्यावर कळणार नाही, हीच तर आईची अडचण होती. न ऐकलेल्या शब्दाची भीती. ऐकलेल्या शब्दाला निदान उत्तर देता येतं, किंवा त्याच्याकडं पाठ करून भांडी घासता येतात. ओल्या हातांनीच ती सज्जात आली.

"तुला ऐकायचंय ना ते काय म्हणतील? मग जिवंतपणीच ऐक. इमाद, खालचा अतिया आणि आणखी दोघं. खुर्चीवर बसवून खाली नेतील तुला. समुद्रावर जाऊ. जे म्हणायचं ते तुझ्या तोंडावर म्हणतील."

"डोकं फिरलंय तुझं."

"दोन वर्षं समुद्र बघितला नाहीस."

"इथून येतो वास त्याचा." आईनं तोंड फिरवलं. विषय संपला असं वाटलं. पण शुक्रवारी सकाळी सुहैर उठली तेव्हा आईनं तिचं काळं रेशमी डोईचं वस्त्र काढून मांडीवर घेतलं होतं आणि ती म्हणाली, "अतियाकडं इस्त्रीला टाक. आणि त्याला सांग, मला जनाज्याची घडी नको, साधी कर."

अतिया तळमजल्यावरचा इस्त्रीवाला, साठीला आलेला, तोंडात पाणी धरून कपड्यांवर फवारणारा, त्यामुळं दिवसातले अर्धे तास मुका. नमाजानंतर तो आला, त्याचा भाऊ आला, गल्लीतला न्हावी शोकरी आला आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत इमाद. इमादला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. "लोक काय म्हणतील," तो म्हणाला. सुहैर म्हणाली, "तेच तर ऐकायचंय." बाबांच्या हात असलेल्या जुन्या खुर्चीला दोन वासे बांधायचे होते, दोरखंड घरात पुष्कळ. इमादनं गाठी मारल्या, बाबांनी शिकवलेल्या, आणि गाठ मारताना त्याचं ते बुरुजासारखं शरीर लहान पोरासारखं पुढं वाकलं, जिभेचं टोक बाहेर. आई काळं वस्त्र नीट करून बसली. वाशांकडं बघून म्हणाली, "हा तर जनाजाच बांधलात." शोकरी म्हणाला, "बिस्मिल्ला," आणि खुर्ची उचलली गेली.

सुहैर मागून उतरत होती, आईची चप्पल हातात घेऊन. तिला आईचं फक्त डोकं दिसत होतं, ते काळं रेशीम, आणि त्याखाली ताठ मान. आई ऐकत होती. सबंध पाठच कान झाली होती. पुरुषांच्या तोंडून नुसते कामाचे शब्द येत होते, पायरी, डावीकडं, हळू, कोपरा सांभाळ, आणि प्रत्येक शब्दामागून एक श्वास. सुहैरला वाटलं हे जाणूनबुजून गप्प आहेत, आणि अशी जपून धरलेली शांतताही एक शब्दच असते, कदाचित सगळ्यात वाईट. सलवाबाईच्या सुनेनं हात कसा धरला असेल ते तिला तळव्यात जाणवलं. दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर त्यांनी खुर्ची टेकवली. अतियाच्या कपाळावरून घाम निथळत होता. इमाद भिंतीला टेकून उभा, तोंड लाल. कोणीच कोणाकडं बघेना.

"बोला," आई म्हणाली. "पोटात ठेवू नका. जड आहे ना?"

"खाला," अतियाचा भाऊ म्हणाला, "असं काय."

"खोटं बोललास तर जाताना पुन्हा तुझ्याच खांद्यावर येईन."

शोकरी न्हावी, ज्याला गप्प राहणं धंद्यानंच अशक्य, तो म्हणाला, "जड आहात, खाला. माझी कंबर मोडली. आता खोटं कशाला."

सुहैरनं चप्पल घट्ट धरली. आईनं मान हलवली, जणू एखादी बातमी पक्की झाली. "झालं तर. आणि हाजी? तो पिसासारखा होता."

तेव्हा अतिया हसला. हसू आवरावं म्हणून त्यानं तोंडावर हात ठेवला, पण ते बोटांतून बाहेर आलं. इमाद म्हणाला, "अतियाचाचा, नको." अतिया म्हणाला, "अरे, इतकी वर्षं मी तोंडात पाणी धरून बसलोय." मग आईकडं वळून, हात जोडल्यासारखं करून, "खाला, याच कट्ट्यावर हाजींना आम्ही टाकलं. माझा हात सुटला. याच्या पायावर कोपरा आला, विचारा इमादला, नख गेलं त्याचं. मग कसेबसे खाली. गल्लीत खांद्यावर घेतलं तर खांदा तुटायला आलेला, आणि पुढं उतार. इमाद म्हणाला, चाचा, थांबलो तर पुन्हा उचलता येणार नाही. म्हणून पळालो. उतारावर एकदा पळायला लागलो तर थांबता येईना, मागचे ओरडताहेत हळू, हळू, आणि तेवढ्यात वरून कोण म्हातारी ओरडली, उडाला. आता सांगा, त्यानंतर कोण थांबणार?"

सुहैरनं इमादकडं पाहिलं. इमाद पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, आणि त्या बाशाच्या, त्या भिंतीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं त्यानंही आईसाठी एक ओझं उचललं होतं आणि त्याचं वजन कोणाला सांगता आलं नव्हतं. मग तिला आईसाठी भीती वाटली. चमत्कार काढून घेतला आपण तिचा. तो तिच्या विधवापणातला एकच दागिना होता, आणि मी तिला समुद्र दाखवते म्हणून जिन्यात आणून तो उतरवून घेतला. आईचे खांदे हलायला लागले. काळं रेशीम थरथरत होतं. सुहैर दोन पायऱ्या एकदम उतरून पुढं आली आणि आईच्या गुडघ्यापाशी बसली.

आई हसत होती. डोळ्यांतून पाणी, पण हसत होती, पोट हलत होतं, उरलेलं सगळं पोट.

"बिचारा," ती म्हणाली. "जिवंतपणी कधी पळाला नाही."

मग तिनं डोळे पुसले. हात मांडीवर. कदाचित ती हिरव्या कापडाकडं बघत होती, वरून पाहिलेल्या, आणि आता प्रथमच त्याच्या खालची माणसं तिला दिसत होती, तुटायला आलेले खांदे, नख गेलेला पाय. "म्हणजे तो जड होता म्हणून उडाला," ती हळूच म्हणाली, आणि हे तिनं कोणाला विचारलं नव्हतं. मग, आवाज बदलून, घरच्या हुकमाचा, "माझ्या वेळीही पळायचं. सगळ्यांनी. आणि एकाला आधीच वर खिडकीत उभं करून ठेवा ओरडायला. फुकटात नाही होत ते."

"मी ओरडेन," सुहैर म्हणाली.

"तू रडत असशील. शोकरीच्या बायकोला सांग, तिचा आवाज मोठा आहे." आणि वाशावर थाप मारली. "उचला."

उरलेले दोन जिने ते बोलत उतरले. शोकरी हाजींच्या दाढीबद्दल काहीतरी अचाट सांगत होता, अतिया त्याला खोटं पाडत होता, इमाद मधेच म्हणाला, "आई, तू खरंच जड आहेस, बरं का," आणि हे त्यानं असं म्हटलं की जणू लहानपणीच्या एखाद्या सणाची आठवण काढतोय. गल्लीत लोक थांबले. कोणी काही म्हणालं असेल, म्हणालं असणारच. सुहैरला ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि मनात थांबलं नाही. समुद्राकाठच्या रस्त्यावर त्यांनी खुर्ची भिंतीशी ठेवली. वारा होता. पाणी हिरवट, चकचकीत, होड्या उलट्या घालून रंगवायला ठेवलेल्या. आई बराच वेळ नुसती बघत राहिली, नाकपुड्या फुगवून, आणि तिच्या लोंबणाऱ्या गालांवर उन्हाचे तुकडे हलत होते. सुहैरला त्या अंगासाठी एखादा शब्द शोधावासा वाटला, खाण्याचा नाही, गोठ्याचा नाही, बांधकामाचाही नाही. शोधला, सापडला नाही. तिनं आपला गाल आईच्या दंडाला लावला. दंड होता तिथं होता.

रताळ्याची गाडी जात होती, धुराडं असलेली, भट्टीवर भाजलेली रताळी. आई म्हणाली, "त्याला थांबव." एक भलं मोठं रताळं कागदात आलं, फोडलं तर आत नारिंगी, वाफाळलेलं. आईनं फुंकर मारून एक घास घेतला. सुहैर कागद धरून होती. आईनं दुसरा घास घेतला, बोटाला लागलेला पाक चाटला, मग मान वळवून त्या चौघांकडं पाहिलं. ते फुटपाथवर बसून कंबर चोळत होते.

"तुम्ही काय बघत बसलात," ती म्हणाली. "घ्या एकेक. पोटभर खा. मला परत वर न्यायचंय."